गोळा येतो त्यांच्यासाठी: बाटलीत ओआरएस की आगळ?

खाडीपट्ट्यात सायकल चालवणाऱ्याला चढ काय ते सांगायला नको. जेट्टीवरून निघालं की थेट सड्यावर, म्हणजे वरच्या कातळाच्या पठारावर, सडा संपला की थेट पुढच्या खाडीत. पायात गोळा येण्याची माझी ठरलेली जागा म्हणजे फेरीबोटीतून उतरल्यावरचे पहिले दोनशे मीटर. बोटीत बसून पाय गार पडतात, अंगावरचा घाम सुकून मिठाचे पांढरे पट्टे उमटतात, आणि समोर तो चढ. तीन मोसम मी बाटलीत ओआरएस घालून फिरलो. गेले दोन मोसम आगळ, म्हणजे कोकमाच्या फळांचा खारवलेला रस, घालतो. कोणतं घ्यावं असं आमच्या रविवारच्या टोळीतले नवे लोक विचारतात, म्हणून एकदाच लिहून ठेवतो.

एक गोष्ट आधी कबूल करतो. गोळा फक्त मीठ कमी पडल्यामुळे येतो, असं आता ठामपणे कुणी म्हणत नाही. 1997 साली केपटाऊनच्या मार्टिन श्वेलनस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेगळं मत मांडलं. त्यांच्या मते स्नायू थकला की त्याला ‘आवळ’ सांगणारे संदेश वाढतात, ‘सोड’ सांगणारे कमी पडतात, आणि स्नायू आवळलेलाच राहतो. मला हे पटतं, कारण मागची कॅसेट, म्हणजे मागच्या चाकावरच्या दातेरी चकत्यांचा संच, 11-28 वरून चढाला हलकी पडणारी 11-34 केली त्या वर्षी माझे निम्मे गोळे बंद झाले. तेव्हा कॅसेटचे दात मोजून झाले नसतील तर बाटलीचा विचार नंतर करा. पण उरलेल्या निम्म्यांचं काय, हा प्रश्न राहतोच. आपल्याकडच्या दमट हवेत चार तास घाम गाळल्यावर नुसतं पाणी पीत राहणं काही बरं नाही.

ओआरएसबद्दल माझी तक्रार नाही, म्हणजे त्याच्या गुणाबद्दल नाही. लिटरला 2.6 ग्रॅम मीठ, 13.5 ग्रॅम ग्लुकोज, 1.5 ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड आणि 2.9 ग्रॅम सायट्रेट, हे जागतिक आरोग्य संघटनेचं माप. आतड्यात ग्लुकोजच्या जोडीने सोडियम आत जातं आणि त्यांच्या मागोमाग पाणी. स्वस्त आहे, औषधाच्या दुकानात मिळतं, आणि आत काय आहे ते पाकिटावर छापलेलं असतं. मी पाकिटातल्या पुडीबद्दल बोलतोय, ते फळांच्या चित्राचे गोड खोके नव्हेत. ऑक्टोबर 2025 मध्ये एफएसएसएआयने, म्हणजे देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने, तसल्या पेयांवर ओआरएस हे नाव छापायला मनाईच केली, बरं झालं.

माझं बिनसलं ते पाकिटाच्या मापावरून. मोठी पुडी एक लिटरची. सायकलच्या पिंजऱ्यात मावते ती बाटली फार तर 750 मिलीची. अख्खी पुडी घातली तर पाणी दाट होतं, तोंड चिकट होतं आणि पोटात ढवळतं. म्हणजे पाऊण पुडी घालायची, पाव उरवायची. ती पाव पुडी घडी घालून, रबर लावून पाठीच्या खिशात. पुण्या-सांगलीकडे हे चालून जात असेल. इथे अर्ध्या तासात ती पुडी हवेतलं पाणी ओढून घेते, वर पाठीचा घाम असतोच. पुढच्या बाटलीच्या वेळी खिशात बोट घातलं की हाताला लागतो तो चिकट लगदा. तो ग्लोव्हला लागतो, ग्लोव्हचा हँडलच्या टेपला, टेपचा गिअरच्या लिव्हरला. 200 मिलीची छोटी पाकिटं मिळतात हे मला माहीत आहे, तीही नेऊन पाहिली. 600 मिलीच्या बाटलीला तीन पाकिटं, ती घामेजल्या बोटांनी फाडायची, निम्मी पूड वाऱ्यावर. शिवाय रत्नागिरी सोडली की प्रत्येक दुकानात ती असतीलच असं नाही.

ज्या दिवशी हे सगळं एकत्र आलं तो दिवस लक्षात आहे. दोन वर्षांपूर्वीचा नोव्हेंबर, रत्नागिरीहून गणपतीपुळे, जयगड, तिथून फेरीबोटीने तवसाळ आणि पुढे गुहागरला आत्याकडे मुक्काम. तवसाळच्या धक्क्यावर पाणी भरलं आणि उरलेल्या पुडीचा लगदा खरवडून बाटलीत ढकलायला गेलो, तर निम्मा बाहेर. कंटाळून नुसतं पाणी घेऊन निघालो. चढात मांडीच्या आतल्या बाजूने धरलं. उतरावं म्हणून क्लीट, म्हणजे पेडलला अडकणारी बुटाखालची पट्टी, सोडवायला टाच बाहेर वळवली, तर त्याच हालचालीत मांडीचा मागचा स्नायूही आवळला. पाय पेडलला अडकलेला, आणि मी सायकलसकट हळूहळू कलत गडग्यावर, म्हणजे कडेच्या दगडी कुंपणावर. चिऱ्याने कोपर सोलवटलं. जखम किरकोळ होती, पण वरून आलेल्या रिक्षावाल्याने थांबून पाय ओढून दिला, त्याची लाज आठवडाभर पुरली.

संध्याकाळी आत्याच्या पडवीत दोरीवर जर्सी वाळत टाकली आणि अंघोळीला गेलो. येऊन बघतो तर खिशापासून दांडीपर्यंत मुंग्यांची रांग. आत्या म्हणाली, “अरे, सदऱ्याला साखर लावून फिरतोस काय?” पुडीची हकिगत सांगितल्यावर तिचं पुढचं वाक्य (गोळ्याला ती वांब म्हणते), “वांब येतात म्हणून पुड्या कसल्या नेतोस, आगळ ने की.” आणि मांडणीवरची बाटली काढून समोर ठेवली.

आगळ म्हणजे काय ते कोकणातल्या माणसाला माहीत असतं, तरी एक घोटाळा नेहमी होतो. अमृत कोकम म्हणजे आगळ नव्हे. अमृत कोकम साखरेच्या पाकातलं, त्यात मीठ असलं तर चवीपुरतं. आगळ म्हणजे पिकलेल्या रातांब्यांना मीठ लावून सुटलेला रस. तो टिकतो मुळी मिठावर. म्हणजे आंबट आणि खारट दोन्ही आधीच तयार, फक्त साखर घालायची. माझं माप, 750 मिलीला दोन मोठे चमचे आगळ आणि चार छोटे चमचे साखर. घरून निघताना एक बाटली तयार असते. पुढच्या बाटल्यांसाठी खोकल्याच्या औषधाची धुतलेली 100 मिलीची बाटली आगळाने भरून घेतो, साखर आधीच त्यात विरघळवलेली. टपरीवर पाणी भरायचं, औषधाच्याच झाकणाने मापून ओतायचं, बाटली हलवायची. ना फाडाफाडी, ना लगदा.

दुसरा फायदा मला नंतर कळला, आणि तो मी जपून सांगतो. 2010 साली अमेरिकेत केविन मिलर आणि सहकाऱ्यांनी प्रयोग केला होता. विजेच्या झटक्याने पायाच्या अंगठ्याच्या स्नायूत गोळा आणायचा आणि लोणच्याचं पाणी प्यायला द्यायचं. आपलं तेलकट लोणचं नव्हे, तिकडचं खारवलेल्या काकडीचं आंबट पाणी. साध्या पाण्यापेक्षा गोळा सुमारे पाऊण मिनिट लवकर सुटला. इतक्यात ते रक्तात पोचणं शक्य नव्हतं, म्हणून घशाला आंबट झटका बसून मज्जातंतूंचा आवळण्याचा संदेश ढिला पडत असावा, असा त्यांचा अंदाज. आगळावर असं कुणी काही केल्याचं माझ्या वाचनात नाही. पण पोटरी उड्या मारायला लागली की मी त्या छोट्या बाटलीतून अर्धं झाकण तसंच, पाणी न घालता घशात टाकतो. डोळे मिटतात, कान हलतात, आणि पोटरी बरेचदा शांत होते. बरेचदा, नेहमी नाही. पूर्ण गोळा आल्यावर मात्र उतरून पायाची बोटं नडगीकडे ओढून धरणं याला पर्याय मला अजून सापडलेला नाही.

आगळाचे तोटेही आहेत. प्रत्येक घरचं मीठ वेगळं, त्यामुळे नवी बाटली आली की माप पुन्हा जिभेवर ठरवावं लागतं. छापील आकडा हवा असणाऱ्याला हे मानवणार नाही. झाकण सैल राहिलं तर फिकट जर्सी कायमची गेली. पारदर्शक बाटली आठवडाभरात गुलाबी होते. अॅल्युमिनियमच्या बाटलीत तर आंबट घालूच नका. आणि जुलाब-उलट्या झाल्या असतील तर आगळाचा हट्ट नको, तिथे ओआरएसच. रक्तदाबाची किंवा मूत्रपिंडाची औषधं चालू असतील तर यातलं काहीही नेण्याआधी डॉक्टरांना विचारा, मीठ दोन्हीकडे आहे.

शहाळं विचाराल तर थांबून प्यायला उत्तम. पण त्यात पोटॅशियम भरपूर आणि सोडियम बेताचं, घामातून जातं ते मुख्यतः सोडियम. वर चिमूटभर मीठ मागून घ्या. पाण्यात टाकायच्या क्षारांच्या फसफसणाऱ्या गोळ्यांची नळी एकदा उघडली की पावसाळ्यात आतल्या गोळ्या फुगून एकमेकींना चिकटतात, त्यापुढे मी लिहीत नाही.

ब्रेव्हेला, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुरी करायच्या लांब पल्ल्याच्या फेरीला, जाणार असाल, तीनशे किलोमीटरचं गणित कागदावर मांडत असाल, तर छोटी ओआरएस पाकिटं झिपच्या पिशवीत नेणं कदाचित सोयीचं पडेल. आमच्यातले दोघे तसंच करतात आणि त्यांचं बरं चाललंय. माझ्यासारखं रविवारी आरे-वारेचे चढ करून गणपतीपुळ्याला मिसळ खाऊन परतायचं असेल, किंवा दोन-तीन खाड्या ओलांडून कुणाकडे राहायला जायचं असेल, तर एकदा आगळ घेऊन बघा. विकत घेताना साखरेचं नको, मिठाचं हवं, असं दुकानात स्पष्ट सांगा. आणि ती छोटी बाटली खिशात ठेवायची तर मोबाइलच्या खिशात नको.