बिडाचा तवा: वर्षभराच्या वापरानंतर

हा तवा मी कोबीसाठी घेतला नव्हता. तिशी उलटेपर्यंत मी कोबी तोंडात घालत नव्हते. वसतिगृहात तो आठवड्यातून तीनदा असायचा, झाकणाखाली शिजून शिजून पिवळट पडलेला, स्वतःच्याच पाण्यात लोळणारा. जेवणघराच्या दारातच त्या वासानं भूक मरायची.

गेल्या वर्षी २६ सेंटिमीटरचा हा बिडाचा तवा आणला. एका रात्री घरात अर्ध्या कोबीशिवाय काहीच नव्हतं. दांड्यासकट जाड फोडी केल्या, म्हणजे पानं सुटत नाहीत. तवा मध्यम आचेवर पाच मिनिटं तापू दिला, तेल घातलं, फोडी ठेवल्या आणि चार मिनिटं हात लावला नाही. उलटल्या तेव्हा खालची बाजू गडद तपकिरी, कडा कुरकुरीत, आणि आतला भाग चक्क गोड! वास भाजलेल्या दाण्यांसारखा. उभ्यानंच सगळ्या संपवल्या.

नंतर कारण कळलं. कोबी जितका जास्त वेळ उकळतो, तितके त्यातले गंधकाचे उग्र वास वाढतात. पाणी सुटलं की भाजी १०० अंशांच्या वर जात नाही. तपकिरी रंग आणि तो खमंगपणा यायला साधारण १४० अंश लागतात. माझ्या जुन्या पातळ तव्यावर गार फोडी पडताच तो थंडावायचा आणि भाजी उकडायची. बीड जड, त्यात उष्णता साठलेली असते, त्यामुळे सुटलेलं पाणी लगेच उडून जातं. मीठ मात्र शेवटी घाला, आधी घातलं की पाणी सुटतं.

तक्रारी आहेत. ‘सीझनिंग करूनच येतो’ (म्हणजे तेल तापवून बसवलेला, न चिकटू देणारा थर आधीच दिलेला) असं खोक्यावर लिहिलं होतं, पण पहिले पंधरा दिवस सगळं चिकटलं. तीन-चार वेळा तेलाचा अगदी पातळ हात फिरवून धूर येईपर्यंत तापवल्यावर तो वळणावर आला. ओला ठेवला तर सकाळी गंज धरलेला असतो; धुऊन लगेच आचेवर कोरडा करावाच लागतो. टोमॅटो त्यात फार वेळ शिजवू नका, लोखंडाची चव उतरते.

आणि वजन! माझ्या तव्याला एकच दांडा आहे, भरलेला असला की दोन्ही हात लागतात. मनगट नाजूक असेल तर दोन कानांचा घ्या.