अलिबागजवळच्या आक्षीतला घरगुती मुक्काम, आणि पडवीतली वही

खोल्यांचं आधी सांगून टाकते. खोल्या दोनच आहेत. चादरी स्वच्छ, बाथरूम दोन्ही खोल्यांत मिळून एक, आणि पहाटे गरम पाणी हवं असेल तर आदल्या रात्रीच सांगून ठेवावं लागतं. मच्छरदाणी मागून घ्या, खाडी जवळ आहे. दोघांचे एका रात्रीचे जेवणासकट २,८०० रुपये घेतले. घरमालकीण काकूंच्या हातचं वालाचं बिरडं, तांदळाची भाकरी आणि सोबत अलिबागचा पांढरा कांदा. माझ्या ११ वर्षांच्या मुलाने तो कांदा नुसता खाल्ला, घरी ताटातला कांदा वेचून बाजूला काढणारा मुलगा!

पण मी पुन्हा जाणार ती वहीसाठी.

पडवीत खुंटीला सुतळीने एक २०० पानी वही टांगलेली आहे. मुक्कामाला येणारा प्रत्येक पक्षीनिरीक्षक आपण काय पाहिलं ते तिच्यात लिहून जातो. काकांचे नियम कडक आहेत. तारीख, वेळ आणि पाणी चढत होतं की उतरत होतं, हे लिहायचंच. शंभर टक्के खात्री नसेल तर नावापुढे प्रश्नचिन्ह. मोबाइलवर रोज शेकडो फोटो येतात, पण किनाऱ्याच्या नेमक्या कोणत्या टोकाला, किती वाजता, हे त्यात क्वचितच असतं. इथे आदल्या दिवशीच्या पानावर स्वच्छ अक्षरात होतं: 'ऑयस्टरकॅचर ४, खाडीच्या तोंडाशी वाळूच्या पट्ट्यावर, सकाळी ८.२०, पाणी चढतं.'

काकांनी भरतीचं गणितही शिकवलं. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. आम्ही गेलो तेव्हा त्रयोदशी होती, म्हणजे पूर्ण भरती पावणेदहाला. ओहोटीत पक्षी लांब ओल्या वाळूवर आणि चिखलात पांगतात, दुर्बिणीतही नुसते ठिपके. पाणी चढू लागलं की जागा आकसते आणि थवे आपणहून जवळ येतात. म्हणून साडेसहाला चहा पिऊन निघालो, सुरूच्या बनाच्या कडेला बसलो आणि हललो नाही.

आठ वाजून गेल्यावर ते ऑयस्टरकॅचर आले. चार नव्हे, तीनच. काळं-पांढरं अंग, गाजरासारखी लांब चोच. कालवं आणि शिंपले फोडून खाणारा हा पक्षी पुस्तकात कितीदा पाहिला होता, पण सकाळच्या उन्हात त्या चोचीचा रंग पाहून मला बोलायला सुचेना. लाटेबरोबर मागेपुढे पळणारे सँडरलिंग, लालभडक चोचीचा कॅस्पियन सुरय आणि डोकं काळं व्हायला लागलेले पलासचे कुरवही दिसले.

मग एक मोटारसायकल थेट वाळूवरून आली आणि सगळा थवा उठला. फेब्रुवारीअखेर हे पक्षी परतीच्या हजारो किलोमीटरच्या प्रवासासाठी अंगात चरबी साठवत असतात. त्यांना असं पुन्हा पुन्हा उडवणं म्हणजे त्यांची शिदोरी सांडणं आहे. कॅमेरा घेऊन त्यांच्यामागे चालत जाणाऱ्यांनाही माझी हीच विनंती आहे.

वहीबद्दल एक तक्रार आहे. पावसाळ्यातल्या ओलीने सुरुवातीची पानं चिकटली आहेत. काकांना म्हटलं, प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवा. पुढच्या वेळी मीच एक जाड पुठ्ठ्याची वही नेणार आहे.

दोन आठवड्यांपूर्वीच्या पानावर कोणीतरी 'ग्रेट नॉट १?' लिहिलं होतं. ईशान्य सायबेरियात घरटी करणारा हा पक्षी आता जगभरात धोक्यात आहे. थवा उठायच्या आधी आम्हालाही करड्या पाठीचा, छातीवर ठिपके असलेला एक पक्षी दिसला. मुलगा म्हणाला, "आई, तोच!" पण उडताना शेपटीच्या वरचा भाग पांढरा होता का, ही ग्रेट नॉटची खूण मला नीट दिसली नाही. आमच्या नोंदीपुढेही प्रश्नचिन्हच आहे. येत्या पंधरवड्यात कोणी जाणार असाल तर तेवढं बघा, आणि वहीत लिहा.