नातवाच्या नावे करायचं आहे: मृत्युपत्र की बक्षीसपत्र?

वडील हयात असतील तर आजोबांच्या स्वकष्टार्जित मिळकतीत नातवाला आपोआप काही मिळत नाही. हिंदू वारसा कायदा, 1956 च्या कलम 8 नुसार वाटा मुलामुलींना आणि आजीला. नातवंडं येतात ती त्यांचे वडील किंवा आई आजोबांच्या आधी गेले असतील तरच. म्हणून दिंडोरीतली द्राक्षबाग असो की गंगापूर रोडचा फ्लॅट, नातवाला द्यायचा तर कागद करावाच लागतो.

मृत्युपत्र स्वस्त आणि सोपं. मुद्रांक नाही, नोंदणीची सक्ती नाही, मन बदललं तर नवं करता येतं. दोन साक्षीदार मृत्युपत्र करणाऱ्याहून तरुण घ्यावेत, कारण पुढे कोर्टात सही शाबीत करायला त्यांतला निदान एक हयात हवा. बक्षीसपत्राला नोंदणी सक्तीची, आणि नातवाने ते आजोबांच्या हयातीतच स्वीकारायला हवं. राहतं घर किंवा शेतजमीन नातवंडाला दिली तर महाराष्ट्रात मुद्रांक शुल्क 200 रुपये. दुकानगाळ्याला ही सवलत नाही. स्थानिक उपकर आणि नोंदणी शुल्क वेगळे, ते दुय्यम निबंधकांकडे आधीच विचारून ठेवावेत.

खर्चाचा फरक फारसा मोठा नाही. माझं पारडं बक्षीसपत्राकडे झुकलं ते फेरफारामुळे, म्हणजे जमिनीच्या सरकारी दप्तरात नाव बदलण्याच्या नोंदीमुळे.

मृत्युपत्राचा फेरफार आजोबा गेल्यावर होतो. मृत्यूचा दाखला, मृत्युपत्र आणि सगळ्या वारसांची नावं-पत्ते घेऊन तलाठ्याकडे जायचं. गाव नमुना 6 मध्ये, म्हणजे फेरफार नोंदवहीत, नोंद पडते आणि प्रत्येक वारसाला नोटीस जाते. हरकतीला 15 दिवस. एखाद्या काकांनी किंवा आत्याने ‘मृत्युपत्र मान्य नाही’ एवढ्या दोन ओळी लिहून दिल्या की नोंद विवादग्रस्त प्रकरणांच्या नोंदवहीत, 6-अ मध्ये, जाऊन बसते. मृत्युपत्र खरं की खोटं हे महसूल अधिकारी ठरवत नाहीत, त्यासाठी दिवाणी कोर्टच गाठावं लागतं. तोवर सातबारावर मयताचं नाव. इकडे ऑक्टोबर छाटणी तोंडावर, आणि उतारा नावावर नाही म्हणून सोसायटीचं पीककर्ज अडतं. मृत्युपत्र रजिस्टर केलेलं असलं तरी ही हरकत टळत नाही, हे बऱ्याच जणांना तेव्हाच कळतं.

बक्षीसपत्राचा फेरफारही नोटिशीतूनच जातो. पण हाती नोंदणीकृत दस्त असतो, आणि कुणी काही म्हणालंच तर ‘मीच दिलंय’ हे सांगायला आजोबा स्वतः असतात. या एका गोष्टीला तोड नाही.

अर्थात दिलेलं सहज परत घेता येत नाही, ही भीती खरी आहे. त्यासाठी दस्तातच दोन गोष्टी लिहाव्यात: आजी-आजोबांना हयातभर राहण्याचा आणि उत्पन्नाचा हक्क, आणि नातवाने सांभाळ करण्याची अट. ताबा आजोबांनी स्वतःकडे ठेवला म्हणून बक्षीस रद्द ठरत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये स्पष्ट केलं आहे. सांभाळाची अट मोडली तर ज्येष्ठ नागरिक कायदा, 2007 च्या कलम 23 खाली दस्त रद्द करून मागता येतो. मात्र अट कागदावर हवी, तोंडी आश्वासनावर विसंबू नये. हयातीचा हक्क सातबाराच्या ‘इतर हक्क’ रकान्यात चढवून घ्यावा. त्याच रकान्यात सोसायटीच्या कर्जाचा बोजा दिसत असेल तर तो आधी फेडून कमी करून घ्यावा, नाहीतर जमिनीबरोबर तोही नातवाकडे जातो.

नातू अज्ञान, म्हणजे 18 वर्षांखालचा असेल तर पालक स्वीकारतो आणि उताऱ्यावर नावापुढे ‘अ.पा.क.’ (अज्ञान पालनकर्ता) लागतं. तो सज्ञान होईपर्यंत ती जमीन विकायची किंवा गहाण टाकायची तर कोर्टाची परवानगी लागते. पैशांची गरज पडू शकेल अशा घराने हे आधीच ध्यानात घ्यावं.

भोगवटादार वर्ग 2 ची, म्हणजे सरकारी परवानगीशिवाय हस्तांतर न करता येणारी जमीन असेल तर हस्तांतराची परवानगी आधी, दस्त नंतर.

एका ठिकाणी मात्र मृत्युपत्रच करावं लागेल. जमीन वडिलोपार्जित, एकत्र कुटुंबाची आणि वाटप न झालेली असेल तर आजोबांना आपला अविभक्त हिस्सा इतर सहहिस्सेदारांच्या संमतीशिवाय बक्षीस देता येत नाही. मृत्युपत्राने मात्र देता येतो, हिंदू वारसा कायद्याच्या कलम 30 प्रमाणे, तोही फक्त स्वतःच्या वाट्यापुरता. तेव्हा ते रजिस्टरच करावं, आणि आजोबा शुद्धीवर, समजून-उमजून सही करत असल्याचा डॉक्टरांचा दाखला त्याच तारखेचा घ्यावा.