पेटीवाल्याच्या कानाने: रत्नागिरीतले जॅझचे तीन दिवस

रत्नागिरीतल्या जॅझ महोत्सवाचा पास बाराशेचा. शुक्रवार संध्याकाळ ते रविवार रात्र, गावातल्या पाच ठिकाणी मिळून चौदा कार्यक्रम. सुनेने मोबाइलवरून काढून दिला आणि वर म्हणाली, "बाबा, एकट्याने जाऊ नका, आईंनाही न्या." म्हणजे चोवीसशे झाले. त्यातले वसूल किती झाले ते सांगतो.

मी पेट्या दुरुस्त करतो. भजनी मंडळांच्या, देवळांच्या, शाळांच्या. गणपतीच्या आधी दोन महिने मला पाणी प्यायला फुरसत नसते, पण जानेवारीत हात मोकळा असतो. जॅझ मला अगदीच परकं नाही. गिरगावात काम शिकत होतो तेव्हा, 1980 साली, 'जॅझ यात्रा' हा महोत्सव रंगभवन या खुल्या नाट्यगृहाच्या भिंतीबाहेर उभा राहून ऐकला होता. तिकिटाला पैसे नव्हते. ही यात्रा मुंबईत 1978 साली सुरू झाली, तेव्हा मी अजून संगमेश्वरातच होतो. बाहेर उभं राहून दिसत काहीच नव्हतं, पण एका सॅक्सोफोनने रात्री झोप येऊ दिली नाही एवढं खरं.

शुक्रवारी उद्घाटन थिबा राजवाड्याच्या आवारात. जागेला तोड नाही. ब्रह्मदेशच्या राजाला 1885 मध्ये गादीवरून काढून इंग्रजांनी अखेर या गावात आणून ठेवलं. वाडा 1910 मध्ये बांधून झाला आणि जेमतेम सहा वर्षांनी राजा इथेच वारला. वर टेकडीवर गार वारा, मोहोराचा वास, खुर्च्या नीट मांडलेल्या. मग दीपप्रज्वलन, मग सत्कार, मग ज्यांचा सत्कार झाला त्यांची मनोगतं. सातचा कार्यक्रम आठला दहा कमी असताना सुरू झाला. दहाला ध्वनिक्षेपक बंद करावाच लागतो हे आयोजकांना माहीत नव्हतं असं नाही. परिणाम असा की तिसरा बँड, ज्याच्यासाठी निम्मे लोक आले होते, त्याला पंचवीस मिनिटं मिळाली आणि ट्रम्पेटवाल्याचा सोलो चालू असतानाच कुणीतरी बटण दाबलं.

साऊंडवाला बहुतेक वरातीतून थेट आला होता. ड्रमच्या मोठ्या नगाऱ्यात माइक घालून त्याने असा काही धडधडाट केला की डबल बास वाजवणारा माणूस नुसता हातवारे करतोय असं वाटत होतं. डबल बास म्हणजे पुरुषभर उंचीचं, व्हायोलिनच्या घाटाचं वाद्य. बोटांनी छेडतात आणि सगळ्यांची चाल तेच सांभाळतं. तेच ऐकू येत नसेल तर वरचे सगळे अधांतरी. मी दोनदा उठून सांगायला गेलो. दुसऱ्या वेळी तो पोरगा म्हणाला, "काका, तुम्ही स्पीकरच्या समोर बसलायत." खरं होतं, पण बसायला दुसरी जागा कुठे होती?

शनिवारी जायचंच नाही असं ही म्हणत होती. आम्ही गेलो म्हणून हे लिहितोय.

दुपारी चारला टिळक आळीच्या बाजूला एका जुन्या घराचं मागचं अंगण. शेणाने सारवलेलं, वर माडाच्या झावळांचा मांडव, खाली सतरंज्या, म्हाताऱ्यांसाठी कडेला दहा-बारा खुर्च्या. माणसं साठ असतील. माइक नाही, स्पीकर नाही. तिघेच वादक: टेनर सॅक्सोफोन, डबल बास आणि ड्रम. ड्रमवाल्याच्या हातात काठ्याही नव्हत्या, तारांचे कुंचले होते. ते तो ड्रमच्या कातडीवर गोल गोल फिरवत होता. सूप घेऊन तांदूळ पाखडताना जो आवाज येतो ना, सर्र-सर्र-झट्, अगदी तो. हिने माझ्याकडे बघितलं. तिलाही तेच आठवलं होतं.

आणि डबल बास! आदल्या दिवशी जो मुका होता तो आता पोटात ऐकू येत होता. सारवलेली जमीन, मातीच्या भिंती, त्यामुळे आवाज घुमत नव्हता, विरतही नव्हता. लाकूड वाजतंय हे कळत होतं.

दुसरी चीज संपली आणि सॅक्सोफोनवाला थांबला. वाद्य तोंडाजवळ आणून एक चावी दाबून बघितली, सोडली, पुन्हा दाबली. मला लगेच कळलं. सॅक्सोफोनच्या प्रत्येक भोकावर कातड्याची गादी असते. काही गाद्या एरवी उघड्या असतात, काही मिटलेल्या. मिटलेल्या असतात त्या ओल धरतात आणि चिकटतात, मग चावी दाबली तरी भोक उघडत नाही. पेटीतही पट्टीच्या टोकाखाली तशीच कातड्याची गादी असते आणि आमच्या खाऱ्या दमट हवेत तिचंही हेच दुखणं. आता हा काय करतो बघत होतो. त्याने खिशातून दहाची नोट काढली, गादीखाली सरकवली, वरून हलकेच दाबली आणि नोट ओढून घेतली. दोनदा केलं. फुंकून बघितलं. सूर मोकळा. नोट परत खिशात. नवी कोरी नोट नव्हती बरं का, हाताळून मऊ झालेली होती. कोरी नोट कातडं ओरखडते, हे त्याला माहीत होतं. त्या क्षणापासून माझा त्या माणसावर विश्वास बसला.

त्यानंतर जे झालं त्यासाठी पासाचे पैसे. जॅझची रीत साधारण अशी: धून एकदा वाजवायची, मग तेच चक्र खाली फिरत ठेवून एकेकाने त्यावर आपलं म्हणणं मांडायचं, शेवटी पुन्हा धून. पण शेवटच्या धुनेआधी कधी कधी वाटणी होते. चार तुकडे सॅक्सोफोनने घ्यायचे, पुढचे चार ड्रमने, पुन्हा चार सॅक्सोफोनने. एका तुकड्यात चार मात्रा, म्हणजे प्रत्येकाला सोळा मात्रा, आपला एक तीनताल. तेवढ्यात काय ते बोलायचं आणि समेवर समोरच्याच्या हातात द्यायचं. सॅक्सोफोनने एक तिरकं वाक्य टाकलं, ड्रमवाल्याने तेच कुंचल्यांवर उलटं करून परत केलं. मग ह्याने ते लांबवलं, त्याने मधलाच तुकडा गाळून शांत बसून दाखवलं आणि शेवटच्या मात्रेवर एकच टिचकी. अंगणात हशा.

ही म्हणाली, "ह्यांचं भांडण मिटायचं कधी?"

मी म्हटलं, "शक्ती-तुऱ्याचं मिटतं का?"

शक्ती-तुरा म्हणजे आमच्या कोकणातली जाखडी, दोन पक्षांचा गाण्या-नाचाचा सामना. आमच्या गावी जाखडीच्या बाऱ्या मी पहाटेपर्यंत बघितल्यात. गण होतो, गवळण होते आणि मग सवाल-जवाब सुरू झाले की शक्तीवाले आणि तुरेवाले एकमेकांना सोडत नाहीत. समोरच्याने टाकलेला शब्द पकडून त्याच्याच अंगावर फेकायचा, तोही तालात राहून. अमेरिकेतल्या काळ्या लोकांनी ही गंमत त्यांच्या वाटेने शोधली, आमच्या लोकांनी आमच्या वाटेने. कार्यक्रम संपल्यावर ड्रमवाल्याला हे सांगितलं. त्याला जाखडी ठाऊक नव्हती, पण त्याने वही काढून नाव लिहून घेतलं आणि शिमगा नक्की कधी असतो ते विचारलं. मी सांगितलं, शिमग्यात नमन-खेळे बघ, जाखडीला गणपतीत ये.

शनिवार रात्र एका हॉटेलात. नाव घेत नाही, समुद्राच्या बाजूला आहे. लॉबीत खरा पियानो आहे आणि तो खिडकीशी ठेवलाय. आता खिडकीशी पियानो कोण ठेवतं? खारा वारा थेट तारांवर. पहिल्या मिनिटातच मला दिसलं, म्हणजे ऐकू आलं, की वरच्या सप्तकातली पांढरी दोन ही पट्टी पूर्ण बसलीय आणि तिच्या आजूबाजूचे सूर थोडे थोडे खाली आलेत. वाजवणारी मुलगी फार तर पंचविशीची. पहिल्या चिजेत दोनदा त्या पट्टीवर आपटली. दुसऱ्या चिजेत ती पट्टी टाळून वाजवली, तिथे यायची वेळ आली की वरून उडी मारून पुढे. तिसऱ्या चिजेत तिने कमाल केली. तीच मेलेली पट्टी मुद्दाम वाजवायला लागली, सूर म्हणून नाही तर ठोका म्हणून. ठक्, ठक्, दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर. लोकांना वाटलं हे असंच असतं. तिला शंभर गुण, हॉटेलला शून्य. शिवाय मागे बारमध्ये मिक्सर चालू होता आणि कोकम सरबत एकशे ऐंशी रुपये. एकशे ऐंशी! आमच्या घरी कोकमाच्या आगळाची बरणी आहे, आम्ही पाणी प्यायलो.

रविवारी सकाळी शाळेच्या सभागृहात मुलांसाठी वर्ग होता. नातीला नेलं, ती कीबोर्ड शिकते. सरांनी तास जवळजवळ टाळ्यांवरच घालवला: आपण पहिल्या-तिसऱ्या मात्रेवर वाजवतो ती टाळी दुसऱ्या-चौथ्यावर न्यायची. नात अजून जेवताना ताटावर तेच करतेय. फुकट होतं, मस्त होतं.

समारोप मांडवीच्या समुद्रावर. डावीकडे काळोख, उजवीकडे रत्नदुर्गाच्या बाजूने दीपगृहाचा झोत फिरतोय. गोव्याचा सहा जणांचा बँड. ह्यांनी पाऊण तास चिक चॉकलेट यांच्या आठवणीत वाजवलं. बार्देशातल्या अल्दोन्याचे आंतोनिओ झेवियर वाझ, मुंबईत ट्रम्पेट वाजवून नाव काढलं, 1967 मध्ये गेले. 1951 च्या 'अलबेला'त ते आणि त्यांचा बँड पडद्यावरच दिसतात. 'शोला जो भडके' त्यातलंच. संगीत सी. रामचंद्रांचं. बँडने ते सुरू केलं आणि वाळूत बसलेले माझ्या वयाचे सगळे एका झटक्यात ताठ झाले. भगवानदादांचा तो खांदे उडवत केलेला नाच आमच्या पिढीच्या प्रत्येक वरातीत झालाय. गोव्याच्या वादकांनी मुंबईच्या हॉटेलांत जे वाजवलं ते सिनेमातून आमच्या मांडवापर्यंत येऊन पोचलं होतं, आणि आम्ही त्याला जॅझ म्हणत नव्हतो एवढंच. इथे साऊंड बरा होता. वाऱ्याने मात्र गाणाऱ्या बाईंचे निम्मे शब्द नेले. मागे बसलेल्यांना फक्त ट्रम्पेट पोचला असेल.

सव्वादहाला मांडवीवर एक रिक्षा नाही. जी मिळाली तिने मारुती मंदिरापर्यंत दीडशे मागितले. महोत्सवाच्या पत्रकावर "सर्व ठिकाणी ये-जा करण्यासाठी वाहनाची सोय" असं छापलं होतं. ती गाडी मला तीन दिवसांत एकदा दिसली, तीही उभी.

अजून एक तक्रार. शनिवारी दुपारी अंगणात हे तिघे वाजवत होते त्याच वेळी राजवाड्यावर दुसरा कार्यक्रम. चौदा कार्यक्रमांचा पास विकायचा आणि त्यातले पाच एकमेकांच्या डोक्यावर ठेवायचे, याला काय म्हणावं? आमचे नऊच झाले.

पुढच्या वर्षी पास काढू नका, सुटी तिकिटं घ्या. अंगणातल्या कार्यक्रमाचं सुटं तिकीट दोनशे होतं आणि ते आधी संपतं, कारण साठांच्या वर माणूस मावत नाही. चारला असेल तर साडेतीनला जा आणि खुर्ची नको, सतरंजीवर बसा, बास जमिनीतून ऐकू येतो. मांडवीला वाऱ्याच्या खालच्या अंगाला बसा. उद्घाटनाला आठनंतर गेलात तरी काही चुकत नाही.

आयोजकांपैकी एका मुलाला पियानोचं सांगितलं. म्हटलं, मी पेटीवाला, पियानोला हात लावणार नाही, पण खिडकीपासून दहा फूट आत तरी ढकला आणि महिनाभर आधी ट्यून करणारा माणूस बोलवा. त्याने माझा नंबर घेतला. दोन दिवसांनी फोन आला, तर त्याच्या आजीच्या पेटीचा भाता फाटलाय म्हणून.