कॅसावेट्स यांचे पाच चित्रपट एका संचात : दिग्दर्शक पुरता, नट अर्धामुर्धा

अमेरिकी नट आणि स्वतंत्र चित्रपटकार जॉन कॅसावेट्स (१९२९–१९८९) यांचे पाच चित्रपट एकत्र देणारा क्रायटेरियन या अमेरिकी व्हिडिओ-वितरण कंपनीचा संच २००४ मध्ये आठ डीव्हीडींच्या रूपात निघाला आणि २०१३ मध्ये ब्ल्यू-रेवर आला. संग्रही ठेवण्याच्या योग्यतेचा हा संच आहे, याविषयी दुमत होऊ नये. मात्र कॅसावेट्स यांची कारकीर्द समजून घेण्यासाठी तो घेणाऱ्याने त्यातली एक मोठी उणीव आधीच ध्यानात घेतलेली बरी.

संचाची सुरुवात ‘शॅडोज’पासून (१९५९) होते. अभिनयाच्या कार्यशाळेतून उगवलेल्या या चित्रपटासाठी कॅसावेट्स यांनी जीन शेपर्ड यांच्या रेडिओ कार्यक्रमात श्रोत्यांना पैसे पाठवण्याचे आवाहन केले, आणि लोकांनी ते खरोखरच पाठवले. १९५८ मध्ये दाखवलेली पहिली आवृत्ती मनाजोगी न वाटल्याने त्यांनी बराचसा भाग नव्याने चित्रित केला. संचात आहे ती ही दुसरी आवृत्ती. चित्रपट उत्स्फूर्त अभिनयातून घडल्याचे शेवटची पाटी सांगते, ते म्हणूनच जरा हातचे राखून घ्यावे.

‘फेसेस’ची (१९६८) तबकडी मला सर्वांत मोलाची वाटते. १६ मिलिमीटरच्या फिल्मचे भरड कण पुसून चित्र गुळगुळीत करण्याचा मोह इथे टाळला आहे, त्यामुळे चेहऱ्यांच्या अगदी जवळ गेलेला कॅमेरा आजही अस्वस्थ करतो. जोडीला सतरा मिनिटांची वेगळी सुरुवात आणि एका फ्रेंच दूरचित्रवाणी मालिकेतील कॅसावेट्स यांच्यावरचा भाग आहे. या चित्रपटाला ऑस्करची तीन नामांकने मिळाली, त्यांतले एक कॅसावेट्स यांच्या पटकथेसाठी होते.

‘अ वुमन अंडर द इन्फ्लुएन्स’ (१९७४) हा स्वतंत्र निर्मिती म्हणजे काय, याचा वस्तुपाठच आहे. कॅसावेट्स यांनी घर गहाण टाकले, चित्रपटातले नट पीटर फॉक यांनी पदरचे पैसे घातले आणि वितरक मिळेना तेव्हा थेट चित्रपटगृहांशी बोलणी करून चित्रपट लोकांपुढे नेला. नायिका आणि कॅसावेट्स यांच्या पत्नी जीना रोलंड्स यांना अभिनयाचे आणि कॅसावेट्स यांना दिग्दर्शनाचे ऑस्कर नामांकन मिळाले, ते अशा घरच्या कारभारातून. रोलंड्स आणि फॉक यांच्या गप्पा पुरवणीत आहेत. त्या अवश्य ऐकाव्यात.

‘द किलिंग ऑफ अ चायनीज बुकी’च्या १९७६ आणि १९७८ अशा दोन्ही आवृत्त्या दिल्या आहेत. पहिली पडल्यावर कॅसावेट्स यांनी ती स्वतःच नव्याने संकलित करून बरीच आखूड केली. माझी पसंती लांब आवृत्तीला आहे, कारण बेन गझारा यांच्या क्लबमालकाचा पोकळ रुबाब तिथे सावकाश उलगडतो.

उणीव आहे ती पडद्यावरच्या कॅसावेट्स यांची. पाचांपैकी केवळ ‘ओपनिंग नाइट’मध्ये (१९७७) ते महत्त्वाच्या भूमिकेत दिसतात. स्वतःच्या दिग्दर्शनाखाली त्यांनी प्रमुख भूमिका केलेले ‘हजबंड्स’ (१९७०) आणि ‘लव्ह स्ट्रीम्स’ (१९८४) संचात नाहीत. ‘द डर्टी डझन’ (१९६७), ज्यासाठी त्यांना सहायक अभिनेत्याचे नामांकन मिळाले, आणि ‘रोझमेरीज बेबी’ (१९६८) हे तर इतरांचे चित्रपट, त्यामुळे ते इथे असण्याची अपेक्षाच नाही. पण स्वतःच्या निर्मितीचा खर्च त्यांनी अशाच भाडोत्री भूमिकांच्या कमाईतून उभा केला. स्टुडिओत नोकरीसारखा अभिनय करणारा हा माणूस आणि त्या पगारावर स्टुडिओबाहेर चित्रपट काढणारा निर्माता एकत्र पाहिल्याशिवाय या कारकिर्दीचा हिशेब लागत नाही. २०० मिनिटांचा ‘अ कॉन्स्टंट फोर्ज’ हा माहितीपट ही कसर काही अंशी भरून काढतो खरा, तरी त्याचा सूर फारच भक्तिभावाचा आहे.

ब्ल्यू-रेच्या तबकड्या ‘ए’ विभागासाठी (मुख्यतः अमेरिका खंड आणि पूर्व आशिया; भारत त्यात येत नाही) असल्याने घेण्यापूर्वी आपला प्लेअर तपासावा. कॅसावेट्स पहिल्यांदाच पाहणाऱ्याने कालक्रमाचा हट्ट न धरता ‘अ वुमन अंडर द इन्फ्लुएन्स’पासून आरंभ करावा आणि माहितीपट पाचही चित्रपट पाहून झाल्यावरच लावावा.