आठ महिने, दोन हार्ड डिस्क आणि रात्रीची ती घरघर

जानेवारीत डेस्कटॉपमध्ये दुसरी हार्ड डिस्क बसवली. जुनी ४ टीबीची, नवी ८ टीबीची, दोन्ही ७२०० आरपीएमच्या, म्हणजे मिनिटाला ७२०० फेरे घेणाऱ्या. मी लग्नाचे व्हिडिओ एडिट करतो. एका लग्नाचं फुटेज सहज ३०० जीबीवर जातं, ते सगळं एसएसडीवर, म्हणजे काहीच न फिरणाऱ्या महागड्या डिस्कवर, ठेवणं परवडत नाही. डिस्कचा वेग, भरवसा, कशाबद्दलच तक्रार नाही. पण आमचं घर विश्रामबागेत, भिंतीपलीकडे आई झोपते. तिसऱ्याच दिवशी सकाळी म्हणाली, "तुझं ते मशीन रात्रभर कण्हतंय रे."

आवाज साधा नव्हता. घूंऽऽ करत चढायचा, उतरायचा, दोन-तीन सेकंदांनी परत चढायचा. मी आधी पंख्यावर संशय घेतला आणि कॅबिनेटचा पंखा बदलला. ते पैसे वाया गेले. नव्या पंख्याची वायर काढून ठेवली तरी घूं चालूच. दुकानदाराने न बघताच सांगितलं, "डिस्क जाणार, बदलून टाका." याचा मला अजून राग येतो, कारण डिस्क ठणठणीत होती.

ते कळलं क्रिस्टलडिस्कइन्फो या डिस्कची तब्येत दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमुळे. रिअलोकेटेड सेक्टर (खराब म्हणून बदललेले डिस्कचे कप्पे) आणि पेंडिंग सेक्टर (खराब असल्याचा संशय असलेले), दोन्हीच्या रॉ व्हॅल्यू, म्हणजे मूळ आकडे, शून्य. तिथले आकडे मुळात हेक्साडेसिमलमध्ये, म्हणजे सोळाच्या पटीतल्या मोजणीत, दिसतात, सेटिंगमधून दशमान करून घ्या, नाहीतर उगीच धडकी भरते. तरीही फुटेजचा बॅकअप मी आधी घेतला, मगच स्क्रू ड्रायव्हर हातात धरला.

स्क्रू ड्रायव्हरचं टोक कॅबिनेटच्या पत्र्याला आणि मूठ कानाच्या मागच्या हाडाला लावायची. गॅरेजवाले इंजिनाचा आवाज असाच शोधतात. बाजूचा पत्रा, तळ, डिस्कचा पिंजरा असं एकेक ठिकाण ऐकत गेलो. सगळ्यात मोठा आवाज बाजूच्या पत्र्यात होता, डिस्कपासून वीतभर लांब! पत्र्यावर तळहात दाबला की घूं निम्मी व्हायची. मग पीसी बंद केला, नवी डिस्क पिंजऱ्यातून काढून, केबल न काढता, जाड स्पंजावर आडवी ठेवली आणि पुन्हा चालू केला. घूं गेली. डिस्क फिरत असताना ती हलवू नका, हे मात्र नक्की पाळा.

मिरजेच्या सतारमेकर गल्लीत तंबोरे बनवणारे एक काका ओळखीचे आहेत. त्यांना हे सांगितलं तर ते लगेच म्हणाले, "भोपळा काढला की तार किती वाजणार?" माझ्याकडे भोपळ्याचं काम पत्रा करत होता. चढ-उताराचं कारणही त्यांच्याच कामातलं. ७२०० आरपीएम म्हणजे सेकंदाला १२० फेरे, पण दोन डिस्क तंतोतंत एका वेगाने फिरत नाहीत. सेकंदाला अर्ध्या फेऱ्याचा फरक असला तरी दर दोन सेकंदांनी आवाज फुगतो आणि ओसरतो. जवळजवळ जुळलेल्या दोन तारा एकदम छेडल्या की अशीच लाट ऐकू येते. जुन्या डिस्कची केबल काढून बघितली, तर सपाट, एकसुरी घूं उरली.

पहिला उपाय इलॅस्टिकचा. शिंप्याकडून रुंद इलॅस्टिक आणून डीव्हीडी ड्राइव्हच्या रिकाम्या जागेत नवी डिस्क टांगली. शांतता अप्रतिम! पण एप्रिलच्या उन्हाळ्यात इलॅस्टिक सैल पडलं आणि डिस्क एका बाजूला कलली. तेव्हा ते काढलं आणि दोन्ही डिस्कना रबरी वॉशर व लांब स्क्रू लावले. स्क्रू पूर्ण आवळायचे नाहीत, रबर चेपलं की कंपन सरळ पत्र्यात उतरतं. ही गोष्ट मला दुसऱ्यांदा पिंजरा उघडल्यावर कळली. मे महिन्यात डिस्कचं तापमान ४६ अंशांपर्यंत गेलं, त्याहून वर नाही.

घूंशिवाय एक कुरकुर आवाजही यायचा. तो वेगळा, डिस्कवरचं वाचणारं-लिहिणारं हेड इकडून तिकडे पळतं त्याचा. एडिटिंगची कॅश (तात्पुरत्या फाइली) एसएसडीवर हलवली, दोन्ही डिस्कवरचं विंडोजचं इंडेक्सिंग (शोधासाठी फाइलींची यादी करणं) बंद केलं, तो बराच थांबला. पाच मिनिटांत डिस्क बंद करायचं सेटिंगही करून पाहिलं. दर वेळी फाइल उघडताना सात-आठ सेकंद थांबायचं आणि घुर्रर्र ऐकायचं, म्हणून परत वीस मिनिटांवर आणलं.

आज सप्टेंबरमध्ये पेंडिंग सेक्टर अजून शून्यच आहेत. मोठी फाइल कॉपी होताना दार उघडं असेल तर कुरकुर ऐकू येते. दार लावलं की आईला काही ऐकू येत नाही, तिलाच विचारून लिहितोय.