हातातलं एक्सआरएफ यंत्र आणि तेरचे पाटे: आठ महिन्यांचा अनुभव

दगडात कोणती मूलद्रव्यं किती आहेत ते क्ष-किरणांनी मोजणारं, ड्रिल मशीनसारखं दिसणारं हे एक्सआरएफ यंत्र विभागात आलं तेव्हा वाटलं, आता जुन्या दगडाला टेकवायचं, घोडा दाबायचा, की खाण सापडली! आठ महिन्यांनी सांगतो, खाण सापडत नाही. दगड कुठून आलेला नाही, एवढं मात्र बऱ्यापैकी कळतं.

धाराशिव जिल्ह्यातलं तेर म्हणजे जुनं तगर. तिथं अंगणाअंगणात जुने पाटे पडलेले. एका आजींनी विचारलंच, "का रं बाबा, पाट्याला गोळी घालतोस का?" गोळी नाही, क्ष-किरण. ते पडले की दगडातलं प्रत्येक मूलद्रव्य आपल्या ठरलेल्या ऊर्जेचे किरण परत सोडतं: लोहाचे 6.4 केईव्ही (हे ऊर्जेचं एकक), स्ट्रॉन्शियमचे 14.2. दगड फोडावा लागत नाही, हा मोठा गुण.

पहिले दोन महिने वाया गेले. एका पाट्यात शिसं इतकं निघालं की मी हुरळलो. नंतर कळलं, तो पाटा कधीकाळी देव म्हणून पुजलेला, शिसं असलेला शेंदूर खाचांत राहिलेला! मांजऱ्या म्हणजे छिद्राछिद्रांच्या दगडाचं दुखणं वेगळं. छिद्रांत झिओलाइट हे खनिज भरलेलं असलं की कॅल्शियम उगीच चढतं. आता धुतलेल्या, भरीव भागावर पाच जागी मोजतो, आणि रोज सकाळी आधी बीएचव्हीओ-2 ही हवाई बेटावरच्या बेसाल्टची प्रमाण भुकटी. स्ट्रॉन्शियम 390 पीपीएमच्या (दहा लाखांत 390 भागांच्या) आसपास आलं तरच कामाला लागतो. सोडियम या यंत्राला दिसतच नाही.

खरी अडचण यंत्राची नाही, आपल्या जमिनीची. सगळीकडे बेसाल्टच, त्यात लाव्ह्याचा एकेक थर कित्येक किलोमीटर पसरलेला. टायटॅनियम, झिर्कोनियम जुळलं तरी खाण एकच असं म्हणता येत नाही. इंग्लंडमधल्या स्टोनहेंज या प्राचीन शिळावर्तुळाच्या 52 सार्सेन (वालुकाश्माच्या) शिळा अशाच यंत्रानं तपासल्या, त्यांतल्या 50 एकसारख्या निघाल्या. पण त्या जिथून आल्या त्या वेस्ट वूड्स या जागेचं नाव 2020 मध्ये पुढे आलं ते एका शिळेतून छिद्र पाडून काढलेला गाभा प्रयोगशाळेत तपासल्यावर. अकीकाच्या मण्यांवर तर यंत्र लावूच नका, जवळजवळ सगळी सिलिकाच.

तक्रार एकच: मेच्या उन्हात हे तापून बंद पडतं. विक्रेत्याचं उत्तर, "सावलीत वापरा." सावली कुठाय?

आजींच्या पाट्याचं टायटॅनियम गल्लीतल्या बाकी चार पाट्यांपेक्षा वेगळं आलंय. पुढं जायचं तर नखाएवढा तुकडा हवा. विचारून पाहिलं.

"तुकडा? सासूबाईंचा पाटा हाय तो."